नाटकमंडळीचें बिऱ्हाड आणि तीन मिनिटांची तबकडी

एखाद्या नामांकित गायकसंघाच्या मागोमाग गांवोगांव हिंडावें, त्याचे जलसे ऐकावे, ध्वनिमुद्रणाच्या खोलींतहि डोकावून पाहावें आणि मग त्यावर ग्रंथ लिहावा, हा उद्योग पाश्चात्य देशांत आतां चांगलाच रूढ झाला आहे. इंग्लंडांतील बीटल्स मंडळींवर अशीं पुस्तकें इतकीं निघालीं आहेत कीं त्यांची गणती करणें कठीण. असें कांहीं महाराष्ट्रांत झालें आहे काय, असें कोणी विचारल्यास आमचें उत्तर असें कीं, झालें आहे, आणि बीटल्सच्या कितीतरी आधीं झालें आहे. मात्र आमच्याकडील लेखक बाहेरून आलेले बातमीदार नव्हते. गोविंदराव टेंबे पेटी वाजवीत व चाली बांधीत; गणेशराव बोडस तोंडास रंग लावीत. मंडळीच्या पंक्तीस जेवलेल्या माणसांनींच मंडळीचा वृत्तांत लिहिला. म्हणून त्यास चव आहे, आणि म्हणूनच तो थोडा जपून वाचावा लागतो.

मराठी नाटक फिरूं लागलें तें हौसेनें नव्हे. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें तें तेथील अधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें. १८५१ त चिंतामणराव वारले, आश्रय तुटला, आणि भाव्यांस आपला खेळ घेऊन बाहेर पडावें लागलें. १८५३ सालीं त्यांनीं मुंबईस प्रयोग केले. त्याच वर्षीं १६ एप्रिल रोजीं मुंबईची आगगाडी आमच्या ठाण्यास येऊन थांबली, आणि दहा वर्षांनीं बोरघाटाचा लोहमार्गहि खुला झाला. राजाची जागा तिकिटानें घेतली, बैलगाडीची आगगाडीनें. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां फिरतीची ही वाट तयार होती.

पुढील पन्नास वर्षें नाटकमंडळी म्हणजे एक फिरतें एकत्र कुटुंबच होतें. पडदे, पेटारे, वाद्यें, आचारी, शिंपी, मालक, पगारी नट आणि घरून पळून आलेलीं गोड गळ्याचीं पोरें असा तो लवाजमा. गांवीं उतरल्यावर बिऱ्हाड थाटावयाचें, तालमी करावयाच्या, रात्रीं पहांटेपर्यंत खेळ करावयाचा आणि उत्पन्न ओसरूं लागलें कीं पुढचा मुक्काम गांठावयाचा. आजारपण, रुसवे, भागीदारांचीं भांडणें हीं सर्व त्याच बिऱ्हाडांत चालत. ५ जुलै १९१३ रोजीं गंधर्व नाटक मंडळी निघाली तीसुद्धां किर्लोस्कर मंडळींतून फुटूनच. बालगंधर्व, बोडस आणि टेंबे हे तिचे तिघे आद्य भागीदार.

या फिरत्या कुटुंबांतील स्वरांचें पुढें काय झालें, हा आमचा खरा प्रश्न आहे. किर्लोस्कर मंडळीचे अद्वितीय गायक भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारींत वारले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन कलकत्त्यास उतरला तो १९०२ च्या अखेरीस. नोव्हेंबरांत त्यानें गौहरजानचें गाणें टिपलें. अंतर दोन वर्षांचेंहि नाहीं! तेवढ्यासाठीं ज्या आवाजावर एक पिढी वेडी झाली होती तो आम्हांस केवळ वर्णनांत उरला.

बालगंधर्वांच्या बाबतींत दैव इतकें निष्ठुर झालें नाहीं; त्यांच्या तबकड्या आहेत. पण तबकडी म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. विजेचें ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीं गायकास एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे. त्या स्वराच्या धक्क्यानें सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरी. मेण वाजवून पाहिलें तर बिघडे, म्हणून चूक झाली तर दुसरी चकती. साथीदारांस कर्ण्यापासून किती दूर बसवावयाचें हें मुद्रणकार ठरवी. आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस वेळ मिळे तो सुमारें तीन मिनिटांचा.

आतां हेंच पद रंगभूमीवर कसें होई तें पाहा. तबल्यास अहमदजान थिरकवा, सारंगीस कादरबक्ष, ‘स्वयंवरा’च्या (१९१६) चाली भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयानें दिलेल्या, आणि समोर ‘वन्स मोअर’चा गजर. एका पदास किती वेळ लागावा याला धरबंधच नसे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं केशवराव भोसले व बालगंधर्व यांनीं मिळून ‘मानापमान’ केलें. त्या रात्रीचा एकहि स्वर शिल्लक नाहीं, कारण भरल्या नाट्यगृहांतील गाणें टिपण्याचें साधनच तेव्हां नव्हतें. तीन महिन्यांच्या आंत केशवराव निवर्तले.

म्हणून तबकडी ऐकून “यांत एवढें काय होतें?” असें विचारणाऱ्या तरुणांवर आम्ही रागावत नाहीं. त्यांनीं ऐकली ती घड्याळानें कापलेली फोड. पण जुन्या रसिकांचेंहि आम्हांस सर्वस्वीं पटत नाहीं. ‘एकच प्याला’ बडोद्यास १९१९ च्या फेब्रुवारींत प्रथम झालें; गडकरी जानेवारींतच गेले होते. (नौपाड्याहून पायीं जाण्याजोग्या अंतरावर, तलावपाळीवर, त्यांच्या नांवाचें रंगायतन १९७८ पासून उभें आहे.) त्या नाटकांतील सिंधूच्या संसाराची राखरांगोळी होत असतां प्रेक्षकांनीं तेंच पद फिरून फिरून मागावें आणि नटानें तें द्यावें, यांत गाण्याचें वैभव असेल, नाटकाचें मरण होतें. तीन मिनिटांच्या मर्यादेनें गाण्यास जो आटोपशीरपणा आला तो रंगभूमीनें थोडा उसना घेतला असता तर बरें झालें असतें.

मंडळी बोलपटांनीं बुडविली असें म्हणण्याचा प्रघात आहे. तें अर्धेंच खरें. ‘द्रौपदी’ (१९२०) नाटकाच्या देखाव्यांवरील अफाट खर्च आणि त्या सुमारास डोक्यावर बसलेलें कर्ज हीं बोलपटांच्या दहा वर्षें आधींचीं. तें ओझें बालगंधर्वांनीं खेळामागून खेळ करून उतरविलें. मग १९३१ त ‘आलम आरा’ आला; आणि पुढच्याच वर्षीं प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्यें हरिश्चंद्र झाले ते मंडळीचे एके काळचे भागीदार गोविंदराव टेंबेच! बालगंधर्वांनींहि १९३५ त ‘धर्मात्मा’मध्यें एकनाथांची भूमिका केली. पण समोर प्रेक्षक नाहीं, दाद नाहीं, तुकड्यातुकड्यांनीं काम. त्यांचें मन तेथें रमलें नाहीं. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

बीटल्सनीं याच्या नेमकें उलट केलें. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत त्यांस स्वतःचेंच गाणें ऐकूं येईना, तेव्हां १९६६ च्या ऑगस्टांत सॅन फ्रॅन्सिस्कोचा जलसा उरकून त्यांनीं फिरती कायमची सोडली आणि मुद्रणाची खोली हेंच घर केलें. त्यांपैकीं जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारींत मुंबईस आला. कोटांतील हिज मास्टर्स व्हॉइसच्या मुद्रणशाळेंत त्यानें शिवकुमार शर्मा आदि वादकांना घेऊन काम केलें. तेथें मेणाची चकती नव्हती, कर्णा नव्हता. फीत होती, आणि हवें तितक्या वेळां पुन्हा वाजवून ऐकण्याची मुभा होती. बालगंधर्वांस जाऊन तेव्हां सहा महिने झाले होते.