मरीनाची वाळू आणि आपली पहाटेची धाव

मंडळातल्या ज्या मंडळींना गेल्या काही वर्षांत डॉक्टरांनी "साखर वाढली आहे, चाला, जमल्यास पळा" असे सांगितले, त्यांतला मीही एक. चेन्नईत पळायचे म्हटले की पाय आपोआप समुद्राकडे वळतात. नेपिअर पुलापासून दीपस्तंभापर्यंत साधारण तीन किलोमीटरचा सरळ, रुंद पदपथ आहे. एका बाजूला वाळू आणि पलीकडे समुद्र, दुसऱ्या बाजूला जुन्या लाल इमारती. जाऊन-येऊन सहा किलोमीटर होतात. या रस्त्यावर पळता पळता त्याचा इतिहास शोधायची सवय लागली, आणि त्यात आपल्या मराठी माणसांचा एक धागा असा अनपेक्षित हाती लागला की तो स्मरणिकेच्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवेना.

हा पदपथ बांधवून घेतला तो मद्रासचे गव्हर्नर ग्रँट डफ यांनी, 1884 साली. 1881 ते 1886 ही त्यांची कारकीर्द. सिसिलीत पाहिलेल्या समुद्रकाठच्या आठवणीवरून त्यांनीच या जागेला "मरीना" हे इटालियन नाव दिले. डफ हे नाव ऐकताच आपल्यापैकी ज्यांनी शाळेत इतिहास मन लावून वाचला असेल त्यांच्या भुवया उंचावतील. होय, तोच डफ! म्हणजे त्याचा मुलगा. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा कॅप्टन जेम्स ग्रँट डफ 1818 नंतर साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. तिथली दप्तरे चाळून, कागद गोळा करून त्याने तीन खंडांचा इतिहास लिहिला, तो 1826 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे मराठी भाषांतर थोड्याच वर्षांत निघाले आणि "डफची बखर" म्हणून कित्येक पिढ्यांनी ते वाचले. पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्या बखरीतल्या चुकांवर जाहीर टीका केली आणि आपला इतिहास आपण लिहावा ही जिद्द महाराष्ट्रात रुजली, हे आपण जाणतोच.

या जेम्स ग्रँट डफला 1829 साली मुलगा झाला. त्याचे नाव त्याने ठेवले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात असलेला आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला जो एल्फिन्स्टन, त्याचेच हे नाव. म्हणजे आपण मरीनावर ज्याच्या पदपथावर घाम गाळतो, त्याच्या नावात पुणे-मुंबई आणि आडनावात सातारा! मला हे कळले त्या दिवशी मी पळायचे थांबून नुसता उभा राहिलो होतो.

त्याच किनाऱ्यावर तिरुवल्लीकेणीच्या बाजूला "तिलक घाट" आहे. स्वदेशीच्या चळवळीत इथल्या वाळूत सभा भरत. 1907 मध्ये बिपिनचंद्र पाल मद्रासला आले तेव्हा किनाऱ्यावर त्यांच्या व्याख्यानांना अलोट गर्दी लोटली. ज्यांनी सार्वजनिक गणेशोत्सव दिला त्या लोकमान्यांचे नाव या वाळूला तमिळ माणसांनी दिले. डफच्या मुलाने रस्ता बांधावा आणि त्याला लागूनच टिळकांच्या नावाने सभा व्हाव्यात, हा योग कोणा कादंबरीकाराला सुचला नसता.

बाकी खुणा पळता पळताच पाहण्यासारख्या आहेत. चिझमने बांधलेले विद्यापीठाचे सिनेट हाउस 1879 मध्ये पुरे झाले. 1842 मधले गोलसर "आइस हाउस" अमेरिकेहून जहाजाने आणलेला बर्फ साठवायला बांधलेले. पुढे 1897 मध्ये स्वामी विवेकानंद तिथे नऊ दिवस राहिले. 1923 मध्ये सिंगारवेलर यांनी देशातला पहिला मे दिन याच किनाऱ्यावर साजरा केला. देवीप्रसाद रायचौधरींचे कामगारांचे शिल्प 1959 मधले. नेत्यांच्या समाधींविषयी मी लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

मला खरे सांगायचे आहे ते पायाखालच्या वाळूविषयी. ही एवढी रुंद पुळण, काही ठिकाणी तीनशे मीटरची, पूर्वी नव्हतीच. दीडशे वर्षांपूर्वी लाटा आजच्या रस्त्याच्या बऱ्याच जवळ येत. 1876 च्या सुमारास उत्तरेला बंदराचे काम सुरू झाले आणि समुद्रात दगडी बांध घातले गेले. आपल्या पूर्व किनाऱ्यावर वर्षातले बरेच महिने नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा वाळूला दक्षिणेकडून उत्तरेकडे ढकलत नेतात. ईशान्य मोसमी पावसाच्या थोड्या महिन्यांत ती उलट सरकते, पण हिशेब उत्तरेकडेच झुकतो. वाटेत बंदराचा बांध आडवा आला, वाळू दक्षिणेला अडली आणि साचत गेली. तीच आपली मरीना. डफसाहेबांनी पदपथ बांधला तेव्हा ही भर पडू लागलीच होती.

पण समुद्राच्या जमाखर्चात एकीकडे जमा झाले की दुसरीकडे खर्च पडतोच. जी वाळू उत्तरेला जायची ती अडल्यावर तिकडचा किनारा उपाशी राहिला. रॉयपुरम, तिथून पुढे एण्णूरपर्यंत समुद्र जमीन खात गेला. कोळ्यांच्या घरांच्या ओळीच्या ओळी पाण्यात गेल्या. आज तिथे मोठमोठे दगड टाकून समुद्र थोपवला आहे. आमच्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, नोकरीच्या सुरुवातीला त्या भागात राहत. एका रविवारी त्यांना घेऊन गेलो. "इथे आम्ही संध्याकाळी वाळूत बसायचो रे," असे म्हणून ते दगडांकडे बोट दाखवत राहिले. तिथे पळायला पदपथ तर नाहीच, पाय ठेवायला वाळूही नाही. एकाच शहरात एका टोकाला आपल्याला फुकट पुळण मिळाली, दुसऱ्या टोकाला लोकांची घरे गेली. मरीनाच्या सौंदर्याचे लेख पुष्कळ वाचले, त्यांत ही दुसरी बाजू फार क्वचित येते.

दीपस्तंभाच्या पुढे पळत गेलात तर नोच्चिकुप्पमचा लूप रोड लागतो. पळणाऱ्यांचा हा लाडका रस्ता. पण तो कोळ्यांच्या दारातूनच जातो. रस्त्याच्या एका अंगाला त्यांची घरे, दुसऱ्या अंगाला नावा, जाळी आणि मासळी मांडून बसलेल्या बायका. 1985 मध्ये किनारा सुशोभित करण्यासाठी त्यांच्या नावा आणि जाळी हटवायला घेतल्यावर संघर्ष पेटला, गोळीबार झाला, माणसे गेली. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीत सर्वांत आधी याच वस्त्या सापडल्या. त्या रविवारी सकाळी मरीनावर फिरायला आलेले लोकही वाहून गेले. 2023 मध्ये रस्त्याकडेची मासळीची दुकाने हटवण्यावरून पुन्हा वाद झाला, कोळ्यांनी रस्ता अडवला. 2024 मध्ये त्यांच्यासाठी तिथे नवा मासळी बाजार उघडला.

मी स्वतः एकदा पळताना वाळत घातलेल्या जाळ्यात पाय अडकवून पडलो. चूक सर्वस्वी माझी, कानात गाणी लावली होती. एका म्हातारीने हात देऊन उठवले आणि "पार्त्तु ओडुंग, सार", म्हणजे बघून पळा साहेब, एवढेच म्हणाली. तेव्हापासून त्या पट्ट्यात मी पळत नाही, चालतो. आपल्याला तो व्यायामाचा रस्ता आहे, त्यांचे ते अंगण आहे.

पुढे पट्टिनपाक्कम, जिथे विसर्जनाला शहरभरातून गणपती येतात. तिथून अड्यार नदीचे मुख. नदीवरचा कोळ्यांच्या सोयीसाठी बांधलेला पूल 1977 मध्ये तुटला, तो तसाच अर्धवट उभा आहे. चित्रपटांत पुष्कळदा दिसतो. नदीपलीकडे बेझंटनगरचा इलियट बीच. पळायला मला तोच अधिक आवडतो, गर्दी कमी आणि वारा मोकळा. तिथली पांढरी कमान ही कार्ल श्मिट या डॅनिश खलाशाचे स्मारक आहे. 1930 मध्ये बुडणाऱ्यांना वाचवताना तो स्वतः गेला. ते पाहूनही दरवर्षी कोणी ना कोणी पोहायला उतरतोच! या किनाऱ्यावर पाण्यात शिरू नका, ओढ फार वाईट आहे.

जानेवारी ते मार्च या महिन्यांत पहाटे गेलात तर ओल्या वाळूत ट्रॅक्टरच्या चाकांसारखी नक्षी दिसेल. ती रात्री अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले कासविणीची. 1988 पासून विद्यार्थ्यांचा एक गट रात्र रात्र किनारा तुडवून ती अंडी सुरक्षित जागी नेतो. 2025 च्या जानेवारीत मात्र चेन्नईच्या किनाऱ्यांवर शेकडो मेलेली कासवे वाहून आली. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकली की त्यांना श्वासासाठी वर येता येत नाही. त्या महिन्यात आम्ही कितीतरी दिवस पळायला गेलो, पण गप्पा कुणालाच सुचत नव्हत्या.

आता थोडे व्यवहाराचे. वाळूत पळायचे तर पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर, आणि एकाच दिशेने फार वेळ नको. उतारामुळे एका गुडघ्यावर भार येतो. जाताना जो पाय खाली, येताना तो वर, म्हणजे हिशेब फिटतो. मार्च ते सप्टेंबर सातच्या आत घरी. ऑक्टोबर ते डिसेंबर आकाश पाहून निघावे. आमच्यापैकी सात-आठ जण दर रविवारी पहाटे साडेपाचला कामगारांच्या पुतळ्यापाशी जमतात, त्यांत दोघी आजी आहेत आणि त्याच सर्वांत पुढे असतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. बूट घालून या, चपला नकोत. आणि आठवणीने पाण्याची बाटली आणा, काकांची कायम दुसरेच पितात.