निसटलेलें पाऊल

कुळगांवावरून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. १८५६ मध्यें तो खोपोलीस पोंचला व त्याच वर्षीं बोरघाटाचें काम सुरू झालें. तेथें दोराला लोंबकळत मजूर उभ्या कड्यांत सुरुंगासाठीं भोकें पाडीत. पाऊल निसटलें कीं खालीं दरी. १८५५ च्या कायद्यान्वयें मृताच्या कुटुंबाला भरपाई मागतां येई. परंतु दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागे. गरीब विधवेला तें कसें साधावें? १८६३ मध्यें घाट खुला झाला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानें रेल्वे-कारखान्यांतील मजुराचें तें ओझें उतरविलें. अपघात कामामुळें व काम करतांना घडला, एवढें दाखविणें सामान्यतः पुरेसें ठरलें. १९४८ च्या कारखाना कायद्यानें जमिनी व जिने भक्कम राखण्याचें बंधन घातलें. भरपाई पडल्यानंतरची, ही तरतूद पडण्यापूर्वींची होती.