अमृत, मधु आणि त्रिरश्मी : नाशिकच्या लेण्यांच्या प्रकाशात

नाशिक आणि अमृत या दोन शब्दांचे नाते महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. देव आणि असुर यांनी समुद्र घुसळला, त्यातून अमृताचा कुंभ निघाला आणि त्यासाठी झालेल्या ओढाताणीत त्याचे थेंब चार ठिकाणी सांडले. त्यांपैकी एक ठिकाण गोदावरीकाठी आहे, अशी श्रद्धा आहे. गुरू सिंह राशीत आला की दर बारा वर्षांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो तो या श्रद्धेवर. समुद्रमंथनाची कथा जुनी आहे. परंतु थेंब सांडल्याचा भाग पुराणांच्या प्राचीन पाठांत सापडत नाही, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

याच नाशिकजवळ त्रिरश्मी पर्वतावर चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणत आले असले, तरी ती पांडवांनी कोरविल्याचा उल्लेख त्यांतील शिलालेखांत नाही. तेथे चातुर्दिश भिक्खुसंघ आहे. या संघाच्या वाङ्मयातही अमृत आहे. पालीत त्याला ‘अमत’ म्हणतात. हे अमत म्हणजे काय, संघाला मधु, फळांची पेये, पाणी आणि औषध कोणत्या नियमाने मिळत असे, आणि त्याची तरतूद या डोंगरावर कोणी केली, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

अमत या शब्दाचा अर्थ

‘मत’ म्हणजे मृत. ‘अमत’ म्हणजे जेथे मृत्यू नाही ते. शब्द वैदिक परंपरेला ठाऊक होता. तथागतांनी तो घेतला आणि त्याचा आशय पालटला. त्यांच्या उपदेशात अमत हे निब्बाणाचे नाव आहे. ते प्यावयाचे पेय उरले नाही. साधनेने प्राप्त करावयाची अवस्था झाले. धम्मपदाच्या अप्पमादवग्गात अप्रमादाला, म्हणजे सतत जागरूक राहण्याला, अमताचा मार्ग म्हटले आहे. महावग्गातील प्रसंग तर प्रसिद्धच आहे. बोधिप्राप्तीनंतर धम्म सांगावा की न सांगावा, या विचारातून बाहेर पडताना भगवंतांनी घोषणा केली ती अमताची द्वारे उघडल्याची. ज्यांना कान आहेत त्या सर्वांसाठी ती उघडली होती. त्यात वर्णाची अट नव्हती.

सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्त या दृष्टीने अधिक मननीय आहे. मगधातील एकनाळा गावी पेरणीच्या वेळी कसिभारद्वाज ब्राह्मण भगवंतांना म्हणतो की, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. आपणही तसेच करावे. भगवंत उत्तर देतात की, आपणही शेतीच करतो. श्रद्धा हे बी, तप हा पाऊस, प्रज्ञा हे जू आणि नांगर; आणि या शेतीचे पीक म्हणजे अमत. पुराणकथेतील अमृत एका पक्षाला मिळते आणि दुसऱ्याला नाकारले जाते. येथील अमत जो नांगर धरील त्याच्या शेतात पिकते. नाशिक जिल्ह्यातील कष्टकरी शेतकऱ्याला ही उपमा कोणी समजावून सांगावी लागणार नाही.

मधु : घेण्याची रीत आणि ठेवण्याची मर्यादा

निसर्गात अमृताच्या सर्वांत जवळ जाणारा पदार्थ म्हणजे फुलातील मकरंद. तो पातळ असतो. मधमाशी तो पोटातील पिशवीत भरून पोळ्यात आणते, इतर माश्या तो एकमेकींना देत राहतात, पंखांच्या वाऱ्याने त्यातील पाणी उडवितात आणि घट्ट झाल्यावर मेणाने कोठी बंद करतात. फुलाचे यात काही बिघडत नाही; उलट परागसिंचन होऊन ते फळते. धम्मपदाच्या पुप्फवग्गात भिक्खूने गावात भ्रमराप्रमाणे वावरावे असे सांगितले आहे. भ्रमर फुलाचा रंग व गंध न दुखविता रस घेऊन जातो. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात हीच उपमा गृहस्थाला लावली आहे. भ्रमराप्रमाणे त्याने संपत्ती साठवावी आणि तिचे चार भाग करावे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी.

बोधीनंतर भगवंतांना पहिले अन्न मिळाले तेही मधाचेच. तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी त्यांना सातूचे पीठ आणि मधाचे गोळे दिले. पुढे शरद ऋतूत भिक्खूंना आजार होऊन अन्न पचेनासे झाले, ते कृश झाले, तेव्हा तूप, लोणी, तेल, मधु आणि फाणित म्हणजे काकवी या पाच वस्तू औषध म्हणून घेण्याची अनुज्ञा मिळाली. पण राजगृहात पिलिन्दवच्छ स्थविरांच्या परिवाराला ही औषधे इतकी मिळू लागली की, घडे भरले, गाळण्या आणि पिशव्या टांगल्या गेल्या, विहारात उंदीर माजले आणि लोक नावे ठेवू लागले. तेव्हा नियम झाला की, ही औषधे सात दिवसांपेक्षा अधिक ठेवू नयेत. मधुर वस्तू निषिद्ध झाली नाही. तिचा साठा निषिद्ध झाला. विनयातील हा विवेक आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

पुष्परस, द्राक्षरस आणि मद्य

महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकातच केणिय जटिलाची हकीकत आहे. आपण नावाच्या नगरात भगवंत आले असता या जटाधारी तापसाने पुष्कळशी पेये तयार करून आणली. त्या निमित्ताने भिक्खूंना आठ पाने, म्हणजे पेये, अनुज्ञात झाली : आंबा, जांभूळ, केळ्याचे दोन प्रकार, मध, द्राक्षे, कमळाचा कंद आणि फालसा यांची. यांतील ‘मुद्दिका’ म्हणजे द्राक्ष. याच ठिकाणी पुढे सर्व पुष्परसांना अनुमती दिली आहे. अपवाद एकच, मधुकपुष्पाच्या रसाचा. मधुक म्हणजे आपला मोह. त्याचे कारण तेथे दिलेले नाही. परंतु पेठ, सुरगाणा या भागांतील वाचकाला मोहाच्या फुलांचे काय होते हे सांगावयास नको.

सुरापानाच्या शिक्षापदाचे विवरण करताना विनयाने ‘मेरय’ या शब्दात फुलांचा, फळांचा, मधाचा आणि गुळाचा आसव यांचा समावेश केला आहे. म्हणजे तोच मध आणि तेच फळ. ताजे असता ते पान आहे, आंबले की मेरय. पदार्थाला दोष नाही, स्मृती नष्ट करणाऱ्या अवस्थेला दोष आहे. आज निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत या परिसराची द्राक्षे परदेशी जातात आणि त्याच द्राक्षांवर नाशिकचा मद्योद्योगही उभा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मुद्दिकपान आणि मेरय यांतील विनयाची रेषा नाशिकच्या उपासकाला अशा प्रकारे रोजच्या जीवनात भेटते.

शिलालेखांतील हिशेब

आता त्रिरश्मीकडे वळू. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहावे लेणे कोरविले. त्यातील ४२ व्या वर्षीच्या, वैशाख महिन्याच्या लेखानुसार त्याने ३००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून दिले आणि ते गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत ठेवले. २००० एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीत, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते, व्याजच वापरावयाचे होते. पहिल्या रकमेतून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी बारा कार्षापण मिळावयाचे होते. वाचकांनी हिशेब करून पाहावा : २००० वर दरमहा वीस, वर्षाचे २४०, वीस गुणिले बारा, तेही २४०. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि फलकावर नोंदविला गेला. त्याच लेखात ८००० नारळीच्या झाडांचे दान आहे. भिक्खूंच्या भोजनासाठी उषवदाताने ४००० कार्षापण मोजून एका ब्राह्मणाकडून शेत विकत घेतल्याचीही नोंद आहे.

याहून आम्हांस अधिक हृद्य वाटतो तो आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षीचा लेख. दाती स्त्री आहे : उपासिका विष्णुदत्ता, शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी. त्रिरश्मीवरील विहारात राहणाऱ्या, चारही दिशांहून येणाऱ्या संघातील आजारी भिक्खूंच्या औषधासाठी तिने गोवर्धनातील श्रेणींत धन ठेवले. त्यांत कुलरिक, म्हणजे बहुधा कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे ओदयंत्रिक आणि तेली यांच्या श्रेणी आहेत. औषधे कोणती हे लेख सांगत नाही. पण विनयाच्या परिभाषेत ‘भेसज्ज’ म्हटले की तूप, तेल, मधु डोळ्यांपुढे उभे राहतात. पाण्याचीही अशीच सोय होती. उत्तरेकडून आलेला यवन इंद्राग्निदत्त याने सतराव्या लेण्यासोबत चैत्यगृह आणि पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, कोरविली.

देणारे शक, यवन, स्त्रिया. ठेव सांभाळणारे विणकर, कुंभार, तेली. घेणारा चातुर्दिश संघ. तहानलेल्याला पाणी आणि आजाऱ्याला औषध मिळत राहावे याची तरतूद या माणसांनी आकाशातून थेंब पडण्यावर सोपविली नाही. त्यांनी दर ठरविला, साक्ष ठेवली आणि खडकात कोरून ठेवले. पुढे समाजात ज्या कारागिरांना खालचे स्थान दिले गेले, त्यांच्या श्रेणींवर राजघराण्यानेही विश्वास टाकला होता, ही गोष्ट इतिहास शिकविताना विसरली जाते.

बंद झालेली दारे

याच महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. नाशिकला, त्रिरश्मीपासून काही मैलांवर, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. मंदिराची दारे बंद करण्यात आली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे त्या दारांपुढे झगडत राहिले. अखेर याच जिल्ह्यातील येवला येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या परंपरेकडे ते पुढे वळले, तिच्या पहिल्या घोषणेतच दारे उघडण्याची भाषा होती. या दोन दारांमधील अंतर नाशिकच्या भूगोलात थोडे आहे, इतिहासात फार मोठे आहे.

जातककथांत देवांच्या अन्नाला ‘सुधा’ म्हटले आहे. सुधाभोजन जातकातील कोसिय हा आधी अत्यंत कृपण असतो. पुढे दुसऱ्याला दिल्यावाचून खाणार नाही असे व्रत तो घेतो. त्याला सुधा मिळाल्यावर आशा, श्रद्धा, श्री आणि ह्री या चौघी ती मागावयास येतात. कोसिय ती ह्रीला देतो. ह्री म्हणजे वाईट करताना वाटणारी लाज.

नाशिकच्या कांद्याचे बी धरावयाचे तर गोंड्यावर मधमाशी यावी लागते. फुलोऱ्यावर विषारी औषध फवारले तर माशी मरते आणि बीही कमी धरते. पुप्फवग्गातील भ्रमराची उपमा येथे शेतीचा नियम होऊन उभी राहते. आमच्या उपासकांनी त्रिरश्मीला जावे तेव्हा दहाव्या लेण्यातील लेखांपुढे थोडे थांबावे, आणि आपल्या विहाराच्या दानपेटीतून वस्तीतील आजाऱ्याच्या औषधासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी एखादी लहानशी अक्षयनीवी उभी करता येईल काय, याचा विचार करावा. मुद्दल राखावे, व्याज वाटावे, हिशेब सभेत वाचून दाखवावा. विष्णुदत्तेने घालून दिलेला हा पाठ आजही गिरविता येण्याजोगा आहे.