टोपाचा खर्च आणि तापीचा घाट



मागच्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाचा पुण्याहून फोन आला. वय २७, नोकरी चांगली, स्थळं बघणं चालू आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "आजोबा, तुम्ही पूर्वी पॅच लावायचात ना? खर्च किती येतो हो?"

त्याला दुकानात १८,००० रुपये सांगितले होते. मी विचारलं, "आणि पुढे?" तर म्हणे, "महिन्याला सर्व्हिसिंगचे १,२००." बाकी त्याने काही विचारलंच नव्हतं. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले, तेव्हा म्हटलं या विषयाचाही एकदा नीट हिशेब मांडावा. आपल्यात या गोष्टी कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो.

आमच्या लहानपणी बुऱ्हाणपुरात असल्या वस्तूला एकच शब्द होता, टोप. गणेशोत्सवातल्या नाटकात राजा नाहीतर राणी झालेल्याच्या डोक्यावर तो दिसायचा. प्रयोग संपला की पेटीत. बँकेच्या खुर्चीत बसलेला माणूस टोप घालतो ही कल्पनाच नव्हती.

मी तो २००१ साली घेतला. पन्नाशी आली होती, कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत पोचलं होतं. खरगोनकडच्या एका शाखेत बदली झाली आणि वाटलं, तिथे आपल्याला आधी पाहिलेलं कोणी नाही, हीच वेळ. इंदूरला जाऊन बसवून आलो. ६,५०० रुपये. आरशात पाहिलं तेव्हा खरंच आनंद झाला, तो नाकारत नाही.

पॅच म्हणजे काय, तर बारीक जाळी नाहीतर पातळ पापुद्रा, आणि त्यात सुईने एकेक गाठ मारून ओवलेले माणसाचे केस. तो दुहेरी चिकटपट्टीने किंवा गोंदाने टाळूला बसवतात. आपल्या केसाला मुळातून तेल मिळतं, तुटला तर नवा येतो. पॅचमधला केस मात्र तसाच झिजत जातो. उन्हाने त्याचा रंग उडून तांबूस होतो, घर्षणाने गुंता होतो, पुढच्या गाठी सुटून केस विरळ होतात. खालचं डोकं तर जिवंत. त्याला घाम येतो, चिकटपट्टी सुटते. बाजूचे खरे केस वाढतात, पॅचचे तेवढेच राहतात. म्हणून दर तीन आठवड्यांनी तो काढायचा, डोकं साफ करायचं, पॅच धुवायचा, बाजूचे केस कापून पुन्हा चिकटवायचा. त्यात आमच्याकडचा मे महिन्याचा उन्हाळा आणि चुनखडीचं पाणी. १६१५ साली बांधलेल्या आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या दगडी भुयारात चुन्याचे थर साचतात, तिथे दहा महिन्यांच्या पॅचची काय कथा!

हा खर्च काही आजचा नाही. फ्रान्सच्या तेराव्या लुईला तरुणपणीच टक्कल पडलं आणि १६२४ च्या सुमारास त्याने टोप घालायला सुरुवात केली. राजाने घातला म्हटल्यावर दरबाराने घातला आणि पुढे युरोपभर पसरला. लंडनच्या नौदल कचेरीत सॅम्युएल पीप्स नावाचा अधिकारी होता. पगार वर्षाला ३५० पौंड, आणि माझ्यासारखाच प्रत्येक पैशाची नोंद ठेवणारा. त्याने १६६३ मध्ये दोन टोप घेतले, एक ३ पौंडांचा, दुसरा २ पौंडांचा. रोजनिशीत पुढच्या नोंदीही आहेत. एकदा टोपात लिखा निघाल्या म्हणून न्हाव्याकडे साफ करायला नेला. १६६५ साली प्लेग आला, तेव्हा हे केस प्लेगने मेलेल्याचे तर नसतील, या धास्तीने नवा टोप घालायचं धाडस होईना. शेवटी १६६८ मध्ये त्याने न्हाव्याशी करार केला, वर्षाला २० शिलिंग आणि टोप नीट ठेवायची जबाबदारी न्हाव्याची. २० शिलिंग म्हणजे १ पौंड. आपण आज ज्याला वार्षिक देखभाल करार म्हणतो, तो हाच.

पुढे १७९५ साली इंग्लंडचा पंतप्रधान पिट याला युद्धासाठी पैसा हवा होता. टोपांवर आणि केसांवर भुरभुरायच्या पावडरीवर त्याने कर बसवला, माणशी वर्षाला एक गिनी. पावडर पिठाची, आणि त्या वर्षी धान्याची टंचाई. फॅशन आधीच उतरणीला लागली होती, करानंतर ती झपाट्याने गेली. विकत घेताना न कुरकुरलेली माणसं वर्षाच्या वर्षाला पैसे द्यायची वेळ आली, तेव्हा शुद्धीवर आली.

बरं, हे केस येतात कुठून? आमच्या घरी आई आणि आजी विंचरून झाल्यावर गुंतवळ भिंतीच्या फटीत खोचून ठेवायच्या. दारावर बाई यायची, गुंतवळ घेऊन सुया, पिना, कधी लहानसं भांडं द्यायची. आम्हाला वाटायचं, हिला याचं काय करायचंय? आज कळतं, तो मोठा व्यापार आहे. त्यातला सर्वांत चांगला माल देवस्थानातला, कारण तिथे सगळे केस एका दिशेने असतात, गुंता कमी होतो. तिरुमला देवस्थान भाविकांनी वाहिलेल्या केसांचा लिलाव करतं, कोट्यवधींचा. २००४ मध्ये ज्यू धर्मगुरूंनी असे केस देवाला वाहिलेले, म्हणून वर्ज्य ठरवले, तेव्हा जेरुसलेम आणि न्यूयॉर्कमध्ये बायकांनी आपले महागडे टोप रस्त्यावर जाळले होते. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. माझ्या डोक्यावर कोणाचा नवस होता, देव जाणे.

आता माझा हिशेब. डायरी अजून आहे. २००१ ते २००९, आठ वर्षं:

नऊ पॅच, सरासरी ७,५०० प्रमाणे: ६७,५००
सर्व्हिसिंग १२८ वेळा, सरासरी ४५०: ५७,६००
इंदूरचं येणं-जाणं १२८ वेळा, सरासरी १८०: २३,०४०
चिकटपट्टी, गोंद, शाम्पू वगैरे, वर्षाला २,४००: १९,२००
एकूण: १,६७,३४० रुपये

पहिल्या दिवशी दिले ६,५००, आणि शेवटी गेले त्याच्या जवळजवळ सव्वीस पट. कॉमर्सला आम्हाला शिकवलं होतं, भांडवली खर्च वेगळा, महसुली खर्च वेगळा. पॅच भांडवली खर्चासारखा दिसतो, पण तो सगळा महसुली. भंगार किंमत शून्य. आणि कर्ज कधीतरी फिटतं, हा हप्ता थांबवता येत नाही, कारण थांबवलं की दुसऱ्या दिवशी शाखेत सगळ्यांना कळणार.

डायरीत न लिहिलेला खर्च वेगळाच. ओंकारेश्वरला गेलो तर सगळे नर्मदेत बुडी मारायचे, मी काठावर बसून ओंजळभर पाणी अंगावर घ्यायचो. वाऱ्याच्या दिवशी स्कूटरवर जीव मुठीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, अण्णांना, माझ्या वडिलांना, नमस्कार करायला वाकलो की त्यांचा हात डोक्यावर यायच्या आत मी चटकन उठायचो. हाताला जाळी लागेल ही भीती. मग ते पाठीवर थोपटायचे.

अण्णा २००९ च्या पावसाळ्यात गेले, ८४ वर्षांचे होऊन. अग्नी थोरल्या भावाने दिला. दहाव्या दिवशी राजघाटावर आम्हा दोघांचं क्षौर. भावाचं झालं. न्हाव्याने मला बसवलं, डोक्यावर पाणी घातलं आणि त्याचा हात थांबला. मागे सगळे भाऊबंद उभे. मी स्वतःच कडेला नख घालून पॅच ओढून काढला, पंचाखाली ठेवला आणि म्हटलं, "करा."

कोणी हसलं नाही. काही बोललंही नाही. समोर तापीच्या पलीकडे जैनाबाद. १७ जून १६३१ ला मुमताज आपल्याच गावात गेली, तिला आधी तिथेच पुरलं होतं. शहाजहानच्या दाढीत तोवर मोजकेच पांढरे केस होते, त्या दुःखात ते भराभर वाढले, असं त्याच्या दरबारी इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. बादशहाचेसुद्धा केस दुःखात सगळ्यांना दिसले. मी कोण लागून गेलो!

परतताना काका जवळ आले. म्हणाले, "दादाला माहीत होतं रे. तुला अवघड वाटू नये म्हणून तो हात पाठीवर ठेवायचा."

पुन्हा पॅच लावला नाही. पण आठ वर्षं जो हात मी चुकवला, तो आता कुठून आणणार?

नातवाला मी हा हिशेब पाठवला. त्याच्या भावाने पहिल्या वर्षीच ३२,४०० होतात. पॅच वर्षभर टिकला आणि भाव अजिबात वाढले नाहीत, तरी दहा वर्षांत ३,२४,०००. लावू नको असं मी म्हटलं नाही. ज्याच्या डोक्यावर टक्कल, त्यालाच ते कळतं, आणि आरशातला तो पहिला आनंद मी विसरलेलो नाही. एवढंच सांगितलं, "जी मुलगी पसंत पडेल तिला आधी सांग, मग लाव. घरातल्या माणसांपासून लपवलंस तर खरा खर्च तिथे सुरू होतो."

तो म्हणाला, "विचार करतो, आजोबा." काल त्याच्या आजीला त्याने नवा फोटो पाठवला. टोपी नाही, पॅच नाही. तोच फोटो स्थळांना पाठवायचाय, असं त्याने सांगितलंय.