न्यूयॉर्कचे बातमीदार : गेब प्रेसमन

वृत्तपत्राचा बातमीदार गर्दींत सहज मिसळून जातो; त्याचें नांव वाचकांस ठाऊक असलें तरी चेहरा ठाऊक नसतो. दूरचित्रवाणीनें ही सोय काढून घेतली. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा हे दोघेही एकाच चित्रांत दिसूं लागले, आणि उत्तर टाळणें हीच पुष्कळदां बातमी होऊन बसली. न्यूयॉर्क शहरांत हा पालट ज्यांनीं घडविला, त्यांत गेब प्रेसमन यांचें नांव अग्रगण्य होय.

त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२४ रोजीं त्याच शहराच्या ब्रॉन्क्स भागांत झाला. दुसऱ्या महायुद्धांत नौदलाची नोकरी, १९४७ सालीं कोलंबिया विद्यापीठांतून वृत्तविद्येची पदवी आणि नंतर युरोपांत भ्रमण, असा त्यांचा आरंभींचा क्रम. १९४९ सालीं बुडापेस्ट येथें कार्डिनल मिंडसेंटी यांच्यावर चाललेल्या खटल्याचा वृत्तान्त त्यांनीं पाठविला होता. अशा तरुणास परदेशांतील मानाच्या जागेचा मोह पडता, तर त्यांत नवल नव्हतें. परंतु ते आपल्या शहरांत परतले, वृत्तपत्रांत राबले आणि १९५४ सालीं एन.बी.सी.च्या नभोवाणी केंद्रांत दाखल झाले. दोनच वर्षांनीं ते दूरचित्रवाणीकडे वळले.

त्या काळीं हें काम मोठें अवजड होतें. चित्रफीत प्रयोगशाळेंत धुऊन, कापून आणि जोडून झाल्यावर मगच संध्याकाळीं दाखवितां येई. त्यामुळें आलेल्या बातम्या स्टुडिओंत बसून वाचाव्या, हाच सोपा मार्ग. प्रेसमन कॅमेरा घेऊन रस्त्यावर गेले. जुलै १९५६ मध्यें ‘आंद्रेआ दोरिया’ ही आगबोट बुडाली, तेव्हां ते त्या वृत्तामागें धांवले. फेब्रुवारी १९६४ मध्यें बीटल्स मंडळी विमानतळावर उतरली, तेथेंही ते हजर होते. रॉबर्ट वॅग्नर यांपासून बिल डी ब्लासिओ यांच्यापर्यंत आठ महापौरांची कारकीर्द त्यांनीं पाहिली. (मधलीं कांहीं वर्षें ते दुसऱ्या वाहिनीवर होते, पण शहर तेंच.)

त्यांचें खरें मोल मात्र एका निराळ्याच विषयांत दिसतें. १९५५ सालीं न्यूयॉर्क राज्याच्या मनोरुग्णालयांत सुमारे ९३ हजार रोगी होते. नवीं औषधें निघालीं. रोग्यांस कोंडून ठेवण्यापेक्षां समाजांत राहूं द्यावें, हें मत बळावलें. हेतु वाईट नव्हता. पण त्यांत सरकारचा खर्चही वांचत होता, आणि पाणी मुरत होतें तें तेथेंच. रुग्णालयांचीं दारें उघडलीं. बाहेर आधार देणारीं ठिकाणें मात्र पुरेशीं उभीं राहिलीं नाहींत, आणि स्वस्त भाड्याच्या खोल्याही कमी होत गेल्या. पदपथांवर आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत स्वतःशींच पुटपुटणारीं, निराधार माणसें दिसूं लागलीं.

ह्यांत स्फोट नव्हता, अपघात नव्हता. एकाच दिवशीं घडलें असें कांहींच नव्हतें. कालपरवां आलेल्या बातमीदारास ती माणसें शहराचाच एक भाग वाटलीं असतीं. पूर्वीं ह्या कोपऱ्यावर असें कोणी बसत नसे, हें ओळखण्यास तेथें तीस वर्षें वावरलेला डोळाच हवा. प्रेसमन यांच्या ‘असायलम इन द स्ट्रीट्स’ ह्या कार्यक्रमास १९८४ सालचें पीबडी पारितोषिक मिळालें.

पुढेंही ते थांबले नाहींत. मार्च २०१७ मध्यें सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीस, ९३ वर्षांचे असतां, ते बातमीदार म्हणूनच गेले होते. त्याच वर्षीं २३ जून रोजीं त्यांचा अंत झाला.