पॉइंटवरील विमानप्रवास

नशिराबादच्या प्रवाशाला पॉइंटच्या बदल्यात परदेशी विमानाचे आसन हवे असल्यास शोध मुंबईपासून करणे सोयीचे. १९९७ मध्ये पाच विमान कंपन्यांनी स्थापलेल्या ‘स्टार अलायन्स’ संघटनेत एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी सामील झाली. त्यामुळे तिचे पॉइंट लुफ्तान्सासारख्या सदस्यांच्या विमानांतही वापरता येतात. मात्र भागीदारांसाठी मोजकीच आसने खुली असतात. सलग मार्ग न मिळाल्यास प्रत्येक टप्पा मागच्या-पुढच्या तारखांना स्वतंत्रपणे तपासावा. क्रेडिट कार्डाचे पॉइंट एकदा वळवले की सहसा परत मिळत नाहीत. म्हणून आसन दिसल्यावरच ते वळवावेत. कर व शुल्क पैशांतच भरावे लागते. जळगाव-मुंबई रेल्वेचे तिकीट वेगळे असते. गाडीला विलंब होऊन विमान चुकल्यास त्याची जबाबदारी विमान कंपनीवर नसते. म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठणे श्रेयस्कर.