काळ्या पाषाणाने सोडलेला वायू

जळगाव जिल्ह्यातील बोदवडच्या परिसरात विहीर खणावयास घेतली, की प्रथम कपाशीची काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो भूमीच्या भेगांतून उसळला आणि थरावर थर पसरत गेला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. अजिंठ्याची लेणी याच पाषाणात कोरलेली आहेत.

लाव्हारस थिजून राहिला. त्याच्यासोबत निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र हवेत मिसळून गेला. या वायूने पृथ्वी तापली व डायनोसॉरसारखे जीव नामशेष झाले, असे मत अमेरिकन भूशास्त्रज्ञ ड्यूई मॅक्लीन यांनी १९८० च्या दशकात आग्रहाने मांडले. पुढे मेक्सिकोतील अशनीपाताचा पुरावा हाती आला व मुख्य दोष बहुतेकांनी त्याच्याकडे दिला. दख्खनच्या लाव्ह्याचा वाटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

पृथ्वी तापविण्यास या वायूला दीर्घ काळ लागतो; माणसाचा जीव घेण्यास काही मिनिटे पुरतात. त्याला रंग नाही. हवेपेक्षा तो सुमारे दीडपट जड असल्याने खोलगट जागी साचून राहतो. इटलीत नेपल्सनजीक ज्वालामुखीच्या प्रदेशात ‘कुत्र्याची गुहा’ म्हणून एक स्थान आहे. पूर्वी तेथे प्रवाशांना एक क्रूर खेळ दाखवीत. जमिनीलगतच्या वायूत कुत्रा बेशुद्ध होऊन पडे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काहीच होत नसे.

आफ्रिकेतील कॅमेरून देशात जे घडले, तो खेळ नव्हता. तेथील न्योस सरोवर ज्वालामुखीच्या मुखात आहे. भूगर्भातून झिरपणारा वायू त्याच्या तळच्या पाण्यात, सोड्याच्या बाटलीत असावा तसा, दाबाखाली विरघळून साठला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकाएकी उसळला आणि दऱ्यांतून वाहत गावागावांत शिरला. सतराशेंहून अधिक माणसे आणि हजारो गुरे गुदमरून मेली. २००१ साली सरोवरात नळ सोडण्यात आला. तळचा वायू त्यातून थोडाथोडा बाहेर काढला जाऊ लागला.

खानदेशातील ज्वालामुखी केव्हाच शमले आहेत. येथील विहिरीत साचणारा वायू त्यांचा नव्हे. तो कुजणाऱ्या पाल्यातून, मातीतील सूक्ष्म जीवांतून येतो. परंतु वायू तोच, आणि त्याचा जडपणाही तोच. बंद पडलेल्या विहिरीत गाळ काढण्यास एक जण उतरतो व कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी भाऊ उतरतो, भावामागे शेजारी. महाराष्ट्रात अशा बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. पहिला अज्ञानाने जातो, पुढचे मायेने.

आपल्या पूर्वजांना या वायूचे नाव ठाऊक नव्हते, पण त्याचा स्वभाव ठाऊक होता. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठविण्याची पेवे होती. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे; आधी आतली कोंदट हवा निघून जाऊ देत. आम्हांस वाटते, तो संयम आज विहिरीच्या काठीही हवा. दिवा सोडून पाहिला आणि तो विझला, तर उतरू नये हे खरेच. परंतु तो जळत राहिला म्हणून धोका टळला असे मुळीच नाही. पंख्याने वा पंपाने भरपूर हवा आत सोडावी. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा व तो धरणारे वर असावेत. तेलाचे इंजिन विहिरीत चालवू नये. त्याचा धूर याहून घातक.

आणि कोणी आत कोसळलाच, तर मागोमाग उडी घेऊ नये. दोर असेल तर वरूनच ओढावे, अग्निशमन दलाला बोलवावे. काठावर थांबणे त्या क्षणी निष्ठुरपणाचे वाटेल. परंतु बुडत्या घराचा दुसरा आधार त्यानेच वाचतो.